बेबीले सांगू नोको

परवा अकोल्याला बेबीताईचं वर्षश्राद्ध झालं. पंगत उठली, सुपारी फिरली आणि अशा वेळी होतं तेच सुरू झालं. गेलेल्या माणसाचे गुण मोजायला नातेवाईक सरसावून बसले. कुणी तिच्या पाटवडीच्या रश्श्याबद्दल बोललं, कुणी तिच्या फटकळ जिभेबद्दल. मग धाकट्या जावयानं विचारलं, "पन ते अमरावतीले नोकरी काय करे?"

"फोनवर बसे," कुणीतरी म्हणालं. "बँकेत होती ना?" दुसरं कुणी. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मीही त्याच ठिकाणी नोकरीला होतो आणि अजूनही आहे. मी घसा साफ केला. पण मी गोष्ट सांगायला घेतली की आमच्या घराण्यात लोक चपला शोधू लागतात. बायको तर मी "त्याचं असं झालं" म्हटल्याबरोबर गॅस बंद आहे का ते पाहायला उठते. तशीच ती परवाही उठली. म्हणून हे लिहायला बसलोय. कागद उठून जात नाही.

बेबीताई माझी आतेबहीण. आमच्या वऱ्हाडात मुलीचं नाव ठेवायचा कंटाळा आला की बेबी म्हणत, आणि ती बेबी साठीला टेकली तरी बेबीच राही. ही तर अंगानं आडवी, आवाजानं खणखणीत, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. लग्न राहूनच गेलं तिचं. का राहिलं, याची कारणं आमच्याकडे प्रत्येकाजवळ वेगळी होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

माझा अमरावतीत फोटो स्टुडिओ होता. मोबाईल आले आणि प्रत्येकाच्या खिशात स्टुडिओ झाला. शेवटच्या दिवसांत माझ्याकडे फक्त पासपोर्टचे फोटो काढणारे येत, तेही "लवकर काढा" म्हणणारे. तेव्हा बेबीताईनं तिच्या साहेबांकडे शब्द टाकला आणि मला तिच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं.

जागा म्हणजे एका मंगल कार्यालयाच्या वरचा मजला. खाली लग्नं लागत आणि वर आम्ही दुसऱ्यांच्या घरांवर कान लावून बसत असू. अमरावती, अकोला, आजूबाजूची तालुक्याची गावं. मुलं पुण्याला नाहीतर हैदराबादला गेलेली, घरात म्हातारं माणूस एकटं, नाहीतर घराला कुलूपच. मुलं जाताना भिंतीवर एक डबा बसवून जात. दारांना त्याची पट्टी, स्वयंपाकघराच्या छताला धुराची वाटी, म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात लाल बटणाचं लॉकेट. त्यातलं काहीही हललं, दबलं, धुरलं की आमच्या पडद्यावर घराचं नाव यायचं आणि आवाज वाजायचा. प्रत्येक सिग्नलचा आवाज वेगळा आणि प्रत्येकाची पुढची वाट वेगळी.

पहिल्याच दिवशी मी बॅटरी संपत आल्याचा सिग्नल चोरीचा समजून पोलीस चौकीला फोन लावत होतो. बेबीताईनं हातावर चापट मारली.

"बह्याडा, हे भूक हाय. ते चोरी येगळी वाजते. सिग्नल म्हंजे लेकराचं रडनं हाय राजू. भुकेचं येगळं, पोट दुखल्याचं येगळं, अन उगाच किरकिर येगळी."

मी दोन मुलांचा बाप. आयुष्यात मला रडण्यातला फरक कळला नाही, मी दोघांनाही खुळखुळाच दिला. हिला कुठून कळला कोण जाणे.

तर तिनं मला शिकवलं ते असं. दाराचा सिग्नल आला की आधी त्याच घरी फोन करायचा आणि ठरलेला शब्द विचारायचा. शब्द बरोबर आला तर समजायचं, घरच्याच माणसाच्या हातून वाजलं. शब्द चुकला किंवा फोनच उचलला नाही, तर मुलानं दिलेल्या दुसऱ्या नंबरला, आणि मग पोलिसांना. डब्यावरचं धोक्याचं बटण दाबलं तर मात्र घरी फोन करायचाच नाही. घरात कुणी सुरी घेऊन उभा असेल आणि आपली घंटी वाजली तर त्याचा हात हलायचा. तिथे सरळ पोलीस. धुराला आधी अग्निशमन दल, मग घरी फोन. आणि तब्येतीच्या लाल बटणाला डब्याचाच स्पीकर उघडायचा. आपण इथून बोलायचं, घरात आवाज उमटतो. ते माणूस जमिनीवर पडल्या पडल्या बोललं तरी आपल्याला ऐकू येतं. उन्हाळ्यात लाईन गेली की वीज गेल्याचे सिग्नल टोळधाडीसारखे येत. त्याकडे ती बघतही नसे. "बत्ती गुल हाय, येईन," म्हणायची आणि शेंगदाणे खायची.

आमच्या टेबलावर नियमांचा प्लास्टिकमध्ये बसवलेला कागद होता. ती त्याला पोथी म्हणायची. पोथीपुढे ती कुणाची नव्हती. तिखट करायच्या दिवसांत वऱ्हाडात घरोघरी मिरच्या भाजतात आणि छताच्या वाट्या बोंब मारतात. आम्ही सगळे म्हणत असू, आधी घरी विचारू. ती नाही. आधी बंब. मग घरी फोन, "काकू, मिरच्या भाजताय का? भाजा, भाजा. बंब येतोय, त्यांना पाणी विचारा." एकदा बंबवाले एका घरून तिखटाची पुडी घेऊन परत गेले.

फोनवर ती अशीच बोलायची. हेडफोन कानाला लागला की बेबीताई पुण्याची व्हायची. "नमस्कार, आम्ही सुरक्षा केंद्रातून बोलत आहोत." साहेबांचा तसा हुकूम होता. स्वतःचं नाव सांगायचं नाही, गावची भाषा बोलायची नाही. हेडफोन काढला की, "काय पोट्टेहो, कोनी चहा सांगते का नाई?"

त्या पोथीनंच तिला एकदा तोंडावर आपटवलं.

चांदूर बाजारचं एक घर होतं. नवरा-बायको दोघंच, मुलगा पुण्याला. मुलानं ठरलेला शब्द म्हणून वडिलांचं नाव देऊन ठेवलं होतं. आई दुसरं सगळं विसरेल, हे कसं विसरेल, असा त्याचा हिशेब. तेवढं मात्र खरं होतं. एका सकाळी मागच्या दाराचा सिग्नल आला. बेबीताईनं फोन लावला आणि शब्द विचारला.

"कोनता वो शब्द?" पलीकडून काकू.

"मुलानं सांगून ठेवलेला. कुणाचं तरी नाव आहे बघा."

"हाव हाव. यायचं."

"यायचं म्हणजे कुणाचं?"

"यायचं वो बाई! घरधन्याचं."

"मग सांगा ना नाव."

"अवं माय, कसं सांगू? ते अथीसाच, माह्या समोर बसले हायेत."

"त्यांना द्या फोन."

"त्याहीले आयकू येते कुठी? लाल फूल नाई का, काट्याचं? त्याच्या मांगं राव लावून घ्या."

"काकू, मला स्पष्ट नाव लागेल."

"लगन झाल्यापासून नाई घेतलं वो मीनं!"

मी हातानं खुणावत होतो, सोड, सोड. बेबीताईनं पोथीवर बोट ठेवलं. शब्द आला नाही म्हणजे नाही आला. काकूंवर कुणी दडपण आणून बोलवत असेल तर? तिनं पोलिसांना कळवलं. पोलीस गेले तेव्हा गुलाबराव ओसरीत बसून ज्वारीची भाकर चहात बुडवून खात होते. चोरबिर कुणी नव्हता. काकूंनी बकरीला पाला टाकायला मागचं दार उघडलं होतं, एवढंच.

दुपारी काकूंचा फोन आला. ओरडल्या नाहीत, तेच वाईट झालं. "बाई, गल्लीतले सारे ओट्यावर येऊन पाहून राहिले होते. दारात पोलीस म्हंजे माह्या लेकानं काई केलं का, असं वाटलं ना लोकायले. तुमी तं बाईमानूस हा. तुमाले नाई समजलं?"

बेबीताईनं त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं काकूंना स्वतःहून सुचवलं की शब्दच बदलू, मांजराचं नाव ठेवू. काकू म्हणाल्या, "पोरानं बापाचं नाव देल्लं, तथी मांजर ठेवू?" मग दोघींनीच काहीतरी तोड काढली. ती काय, हे पुढच्या वेळी सिग्नल आला तेव्हा कळलं. बेबीताईनं हेडफोनचा आवाज स्पीकरवर टाकला, शब्द विचारला, आणि पलीकडून काकूंनी लाजत, पण ठणठणीत म्हटलं,

"काळ्या वावरात पांढरं सोनं, दारी तुळशीचं रोप,
गुलाबरावांचं नाव घेते, पोलिसायले द्या निरोप!"

सगळा मजला टाळ्या वाजवत उभा राहिला. साहेबसुद्धा. उखाण्यात नाव घ्यायला कुठलीच बाई अडत नाही, हे पोथी लिहिणाऱ्याला काय माहीत.

बेबीताई खूप हसली. मग चष्मा पुसता पुसता म्हणाली, "मले बी येते एक उखाणा. शाळेत होती तवा जमवला होता."

"म्हण की. कुणाच्या नावाचा?" मी विचारलं. अशा ठिकाणी नेमकं पाऊल टाकायची माझी जुनी सवय.

"नावाची जागा खाली हाय त्यात," ती म्हणाली, आणि पुढचा सिग्नल घेतला.

तिच्या आयुष्यात रिकामी नसलेली जागा एकच होती, आणि ती अकोल्याला होती. आत्या. बेबीताई आठवडाभर अमरावतीत भाड्याच्या खोलीत राही. शनिवारी संध्याकाळी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला, आणि सोमवारी पहाटे परत. आत्याला अमरावतीला आणायचं तिनं नाना प्रकारे करून पाहिलं. आत्या म्हणायची, "माह्यं घर टाकून मी तुह्या खोलीत कोनाचं तोंड पाहू?" दिवसभर दुसऱ्यांच्या पडलेल्या आयांशी बोलून बेबीताईच्या मनात एकच भीती घर करून बसली होती. आपली माय पडेल, आणि तिच्याजवळ कुणाचा आवाजही नसेल. एरवी ती असलं काही बोलणारी नव्हती. माझ्याजवळ एकदाच बोलली, तेही दाताखालचा खडा काढता काढता.

म्हणून तिनं अकोल्याच्या घरात डबा बसवला. साहेबांनी नियम सांगितला, आपल्या घरचा सिग्नल आपण घ्यायचा नाही. डोकं ठिकाणावर राहत नाही माणसाचं. त्या घराचा सिग्नल राजू घेईल. माझं डोकं ठिकाणावर असतं असा साहेबांचा समज पाहून मला बरं वाटलं. घरी येऊन सांगितलं तर बायको गॅस पाहायला उठली.

लॉकेटचा मात्र मोठा घोळ झाला. ते काळ्या गोफात ओवलेलं होतं. आत्यानं हातात घेतलं आणि परत दिलं.

"मी का सवाशीन हाव, गळ्यात काळं घालाले?"

बेबीताई कपाळावर हात मारून परत आली. आणि मग तिच्या ध्यानात आलं की आमच्याकडे जोडली गेलेली कितीतरी घरं विधवा म्हाताऱ्यांची होती, आणि त्यांचं लाल बटण कधीच वाजत नव्हतं. तिनं एकेकीला फोन करून सहज विचारलं. कुणाचं लॉकेट देवघराच्या खिळ्याला लटकलेलं, कुणाचं डाळीच्या डब्यात. एकीनं तर त्याला हळदकुंकू लावून ठेवलं होतं, नवी वस्तू म्हणून. पुण्याहून येणाऱ्या कुठल्याच मुलाला आईनं कारण सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी कुठं मुलांना सांगतात?

आत्यासाठी तिनं पांढरा दोरा आणला. आत्या म्हणाली, पांढरा दोरा मेल्यावर. तुळशीची माळ आणली. आत्या म्हणाली, "माळ घातली का मटन बंद. या वयात मले रस्सा सोडाले लावतं?" शेवटी आत्याच्याच जुन्या लुगड्याच्या काठाची वेणी घालून बेबीताईनं ते तिच्या कमरेला, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलं. ते आत्याला चाललं. किल्ल्या सवाष्ण-विधवा काही पाहत नाहीत.

पण कमरेला बांधल्यावर आत्या वाकली की बटण दबायचं, बसली की दबायचं. दिवसाआड अकोल्याचा सिग्नल. पडद्यावर ते नाव आलं की बेबीताई आपली खुर्ची सोडून माझ्या पाठीशी येऊन उभी राही आणि मी डबा उघडून आवाज स्पीकरवर टाकत असे.

"आत्या, राजू बोलतो. काय झालं?"

"काई नाई रे. बसली ना, दबलं. जेवला का?"

"जेवलो."

"बायको कशी हाय? अजून माहेरी नाई गेली?"

"नाही आत्या."

"सहनशील हाय बिचारी."

सगळा मजला हसत असे. बेबीताई पाठीमागे उभी राहून एक अक्षर बोलत नसे. नियम होता ना. आत्याचा आवाज संपला की ती जाऊन आपल्या खुर्चीत बसे आणि पाणी पीत असे. मी एकदा म्हटलं, "बोल ना दोन शब्द, साहेब काय फाशी देणार आहेत?" ती म्हणाली, "शनवारी बोलतोच ना."

तो बुधवार होता. दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. खाली लग्नबिग्न नव्हतं. अकोल्याचं नाव आलं, बेबीताई सवयीनं येऊन पाठीशी उभी राहिली, मी सवयीनं डबा उघडला.

"काय आत्या, पुन्हा दबलं?"

"नाई रे." थोडं थांबून, "आज मीनंच दाबलं."

मी सरळ बसलो. पलीकडच्या टेबलावरच्या पोरीनं न सांगता अँब्युलन्सला फोन लावला आणि दुसऱ्या हातानं आत्याच्या शेजारच्या शेखभाभींना.

"काय होतंय आत्या?"

"छातीत भरल्यावानी होऊन राहिलं. खाली बसली हाव. ओट्यापाशी."

"दाराला कडी आहे का आतून?"

"नाई, लोटलेलं हाय."

"शेखभाभी निघाल्यात. बोलत राहा माझ्याशी."

"राजू."

"हं आत्या."

"बेबीले सांगू नोको."

मी मागे वळून पाहिलं. ती उभी होती तशीच उभी होती. मी हेडफोन काढून तिच्यासमोर धरला. साहेब खोलीतून बाहेर आले होते, त्यांनीही मान हलवून तिला घे म्हणून खुणावलं. नियमबियम सगळं त्या मानेत बाजूला झालं होतं. बेबीताईनं मान हलवली. नाही. पदराचा बोळा करून तिनं दातात धरला.

"ते कामावर हाय. घाबरून येईन धावत," आत्या म्हणत होती. धाप लागली होती. "जेवली का ते?"

"जेवली आत्या."

"काय नेलं होतं डब्यात?"

मी बेबीताईकडे पाहिलं. तिनं पदर तोंडातून काढला आणि आवाज न करता ओठांनी सांगितलं. भेंडी.

"भेंडी," मी म्हणालो.

"भेंडी आवडत नाई तिले," आत्या म्हणाली. "उगाच नेते. सोपी पडते म्हनून."

मग दार आपटल्याचा आवाज आला, चपला वाजल्या, शेखभाभींचा "अम्मा, अम्मा, क्या हुआ अम्मा" असा आवाज आला. आणि आत्याचा आला नाही. डब्यातून नुसती भाभी रडत होती. अँब्युलन्सवाले आले तेव्हा भाभींच्या मांडीवर डोकं होतं, आणि त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. एवढ्या वेळात बेबीताईच्या तोंडून हुंदकासुद्धा निघाला नाही. मी डबा बंद केल्यावर ती खाली बसली, खुर्चीत नाही, माझ्या खुर्चीशेजारी फरशीवर.

अकोल्याला जाताना गाडीत ती खिडकीशी बसली होती. मूर्तिजापूर गेलं तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"तिनं सांगू नोको म्हनलं ना राजू. मी बोलली असती तं तिले कळलं असतं, बेबीले समजलं. मंग ते मलेच समजवत बसली असती. तेवढा दम नव्हता तिच्यात."

मी हो म्हटलं. 

घरी माणसं जमली होती. शेखभाभी बेबीताईच्या गळ्यात पडून म्हणाल्या, "बेबी, अम्मा मेरे कान में बस इतना बोली. बेबी को मत बताना." बायका ऐकून रडल्या. बेबीताई त्यांच्या पाठीवर थोपटत म्हणाली, "हाव भाभी. मालूम हाय मले." कसं मालूम, हे तिथं कुणालाच कळलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

तेरवी करून ती कामावर परत आली. शेंगदाणे आणत होती, चहा मागवत होती. पण शनिवार आला की खुर्चीतून उठायला तिला वेळ लागे. जायचं तर कुठं? आणि डब्यावर बोलताना ती पुण्याची होईनाशी झाली. लाल बटण वाजलं की, "आजी, मी बेबी बोलून राहिली. अथीसाच हाव मी. घाबरू नोका." साहेबांनी दोनदा समज दिली. ती "बराबर हाय साहेब" म्हणायची आणि पुढच्या वेळी तेच.

मग मूर्तिजापूरचे एक आजोबा न्हाणीत घसरून पडले. शुद्धीत होते, पाय हलत नव्हता. बेबीताईनं शेजाऱ्यांना कळवलं, अँब्युलन्सला कळवलं. आजोबा डब्यातून म्हणाले, "बाई, माह्या पोराले सांगू नोका. त्याची मीटिंग असते."

हे वाक्य आमच्याकडे सगळेच म्हातारे म्हणतात. एखादी चाल ठरलेली असावी तसं. पोथीप्रमाणे मुलाला नंतर, सगळं निस्तरल्यावर कळवायचं असतं. घाबरलेला मुलगा ओरडाआरडा करतो आणि पडलेलं माणूस आणखी घाबरतं, म्हणून चालू लाईनवर त्याला कधीच घ्यायचं नाही. बेबीताईनं मुलाचा नंबर लावला आणि लाईन सरळ डब्याला जोडून दिली. आम्ही पाहत राहिलो.

"तुमचे बाबा पडले हायेत," ती त्या मुलाला म्हणाली. "शुद्धीत हायेत, मानसं येऊन राहिली. ते सांगू नोका म्हनतात. तू बोल बापा. ते नाईच म्हनतीन. तू बोल."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग, "बाबा? कसे पडले?"

"तू काहून फोनवर?" आजोबा कडाडले. "कामं नाईत का तुले?"

"आहेत बाबा."

"मंग कर ना! मी का पयल्यांदा पडून राहिलो? अन तथी थंडी हाय का? कानाले बांधत जा काई."

शेजारी येईपर्यंत आजोबा मुलाला झापत होते आणि मुलगा हो बाबा, हो बाबा म्हणत होता. बेबीताई डोळे मिटून ऐकत होती. दोन्ही हात टेबलावर, पोथीवरच, पालथे ठेवलेले.

साहेब तिला काढणार नव्हते, हे मला पक्कं माहीत आहे. तिनंच सोडलं. म्हणाली, "आता माह्याच्यानं होत नाई राजू. कोनाचंही बटन वाजलं का मले अकोलाच वाटते." आणि सामान उचलून अकोल्याच्या घरी राहायला गेली.

काही दिवसांनी त्या घरचा डबा काढायचा होता. नेहमीचा कारागीर रजेवर होता, म्हणून साहेबांनी मला पाठवलं. भिंतीत खिळा ठोकायला गेलो की मी पाण्याचा नळ फोडतो, ही गोष्ट घराण्यात प्रसिद्ध आहे. बेबीताईनं मला पाहिल्याबरोबर नळाची मुख्य तोटी बंद केली. मग म्हणाली, "काढाच्या आंधी एक काम कर. अमरावतीले फोन लाव. त्या पलीकडच्या टेबलावरच्या पोरीले म्हन, डबा उघड अन बोल काईही."

"कशाला?"

"मायले कसं आयकू आलं असंन, ते मले आयकाचं हाय."

मी फोन लावला. बेबीताई ओट्यापाशी जमिनीवर बसली, पाय पोटाशी घेऊन. डब्यातून खरखर झाली आणि त्या पोरीचा आवाज स्वयंपाकघरात उमटला, "बेबीताई, ऐकू येतंय का? काय बोलू?"

"काईही बोल बाई."

पोरगी बोलत राहिली, चहाचं, नवीन पडद्यांचं, साहेबांच्या दुखऱ्या गुडघ्याचं. आणि तिच्या आवाजामागून आम्हाला सगळा मजला ऐकू येत होता. पंखा कुरकुरत होता. कुणीतरी खुर्ची सरकवली. दूर कुणी खोकलं. कुणाच्या तरी पेल्यात पाणी ओतलं गेलं, तेसुद्धा. इतकी वर्षं आम्ही त्या डब्यांतून घरं ऐकत आलो. डब्यातून आम्हीही असे ऐकू जातो, हे मला ठाऊक नव्हतं. तिलाही नसावं.

ती पोरगी थांबल्यावर बेबीताई म्हणाली, "ठेव बाई आता." खरखर बंद झाली. ती तशीच बसून होती.

"सारंच आयकू येते रे," ती म्हणाली.

"हो."

"त्या दिवशी मी मोठ्यानं रडली होती का राजू?"

मी पेचकस हातात घेऊन उभा होतो. ती माझ्याकडे पाहत नव्हती, डब्याकडे पाहत होती.

"हो," मी म्हटलं. "चांगली मोठ्यानं."

"मंग आयकलं असंन तिनं."

"ऐकलंच असणार."

तिनं मान हलवली, दोनतीनदा. मग उठली, माझ्यासाठी चहा टाकला, आणि मला म्हणाली, "काढ आता."

मी डबा उतरवला. नळ फुटला नाही. निघताना ती दारापर्यंत आली नाही. रस्त्यावरून मी खिडकीतून आत पाहिलं, तर ती भिंतीशी उकिडवी बसली होती आणि माझ्या हातानं सांडलेला चुन्याचा भुगा बोटांनी हळूहळू एका जागी गोळा करत होती.

तीच मला दिसलेली शेवटची बेबीताई. हिवाळ्यात ती झोपेतच गेली.